चीज चालतं, पण कशाच्या जागी?

कार्ब कमी करायचे ठरले की मराठी घरात आधी साखर जाते, मग भात, मग पोळ्यांची संख्या. काय सोडायचं ते एका दिवसात ठरतं. मग खायचं काय, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी दत्त म्हणून उभा राहतो. मांस-मासे, अंडी न खाणाऱ्या घरात तर तो जास्तच छळतो. अशा वेळी फ्रीजमधल्या चीजच्या डब्याकडे हात जातो आणि जाता जाता कुणीतरी विचारतं, ‘‘डाएटमध्ये हे चालतं ना?’’

नागपूरच्या दक्षिणेकडे वर्धा रोडवरून रेल्वेलाइन ओलांडून मनीषनगरात उतरलं, की हा प्रश्न रस्त्यावरच भेटतो. बेसा-बेलतरोडीच्या दिशेने वाढत गेलेली ही नोकरदारांची वस्ती. संध्याकाळी इथे सँडविच, डोसा, पावभाजी, मॅगी, काहीही मागा, त्यावर चीज किसून मिळतं. जिममधून घामाघूम होऊन येणारे आणि शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलेले लोकही याच रस्त्यावर असतात. भात सोडलेला माणूस चीज-सँडविचपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या मनातलं गणित अगदी चुकीचं नसतं, पण अर्धंच मांडलेलं असतं. चीजमध्ये कार्ब जवळजवळ नसतात, हे खरं आहे. त्यामुळे चीज घातलेला पदार्थ लो-कार्ब होतो, हे खरं नाही.

दुधातली साखर जाते कुठे?

गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा असते. दूध गोड लागतं ते तिच्यामुळेच. मग त्याच दुधाच्या चीजमध्ये साखर का सापडत नाही?

चीज करताना कोमट दुधात आधी लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचं विरजण घालतात आणि मग रेनेट नावाचं विकर मिसळतात. रेनेटमुळे दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतून त्याची मऊ वडी होते. या वडीत प्रथिन आणि चरबी अडकते. लॅक्टोज मात्र पाण्यात विरघळलेलं असतं. वडी कापून, ढवळून, दाबून पाणी काढलं की बहुतेक लॅक्टोज त्या पाण्याबरोबर निघून जातं. उरलेल्या लॅक्टोजचा जिवाणू फडशा पाडतात आणि त्याचं आम्ल करतात. चेडारसारखं चीज पुढे कित्येक महिने मुरत ठेवलं, की नाव घेण्याजोगं लॅक्टोज त्यात राहत नाही. दूध पचत नाही अशा अनेकांना मुरलेल्या चीजचा एखादा तुकडा सोसतो, त्याचंही कारण हेच.

आपल्या ओळखीच्या पदार्थांशी ताडून पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. दह्यात जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खातात, पण पाणी तिथेच राहतं. म्हणून १०० ग्रॅम साध्या दह्यात चारेक ग्रॅम कार्ब सापडतात. तेच दही फडक्यात टांगून चक्का केला की पाण्याबरोबर साखरही गळते, आणि मग श्रीखंड करताना आपण ती दामदुपटीने परत घालतो, ही गोष्ट वेगळी. पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं. पाणी निघतं, पण उरलेली साखर खायला जिवाणू नसतात. त्यामुळे पनीरमध्ये चीजपेक्षा कार्ब थोडे अधिक असतात, तरी पोळी-भातापुढे ते किरकोळच.

पाणी आणि साखर वजा झाल्यावर मागे राहिलेलं सगळं मात्र घट्ट होतं. साधारण १० लिटर दुधातून एक किलो चेडार मिळतं. १०० ग्रॅम चेडारमध्ये सुमारे ४०० कॅलरी, ३३ ग्रॅम चरबी आणि २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मोझरेलात पाणी जास्त असल्याने कॅलरी ३००च्या आसपास आणि चरबी २२ ग्रॅमच्या घरात राहते. कार्ब दोन्हींत एक ते तीन ग्रॅमच्या मध्ये. म्हणजे कार्ब मोजणाऱ्याला चीज निर्दोष दिसतं. कॅलरी मोजणाऱ्याला ते तसं दिसत नाही.

आपल्या फ्रीजमधलं चीज

वर चेडारचे आकडे दिले, पण आपल्याकडे क्यूब, स्लाइस किंवा डब्यातून येतं ते बहुतेक प्रोसेस्ड चीज असतं. नैसर्गिक चीज किसून, वितळवून, त्यात सोडियम सायट्रेट किंवा सोडियम फॉस्फेटसारखे क्षार घालून ते पुन्हा साच्यात ओततात. या क्षारांमुळे चरबी आणि पाणी वेगळं होत नाही, चीज एकजीव वितळतं आणि टिकतंही जास्त. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या नागपुरात पूर्वी चीज पोचलं ते पत्र्याच्या डब्यांतून, आणि ते याच तंत्राच्या बळावर. आज मंचर, बारामती, रांजणगाव इथे चीज तयार होतं आणि शीतसाखळीही आली, तरी जिभेला सवय झाली आहे ती प्रोसेस्ड चीजच्याच चवीची.

प्रोसेस्ड चीजच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३१० कॅलरी, २५ ग्रॅम चरबी, २० ग्रॅम प्रथिनं आणि दीड-दोन ग्रॅम कार्ब असतात. २० ग्रॅमच्या एका स्लाइसचा हिशेब करायचा तर सुमारे ६० कॅलरी, ५ ग्रॅम चरबी, ४ ग्रॅम प्रथिनं आणि कार्ब अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

यात नजरेतून सुटतं ते मीठ. चीज करताना घातलेलं मीठ आणि वितळवताना घातलेले सोडियमचे क्षार, असं सोडियम दोन्हीकडून येतं. अनेक प्रोसेस्ड चीजमध्ये १०० ग्रॅममागे एक ग्रॅमहून अधिक सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा दोन ग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, अशी सांगितली आहे. २५ ग्रॅमचे दोन क्यूब खाल्ले की त्यातला पाव ते तिसरा हिस्सा संपतो. लोणचं, पापड, फरसाण आणि सावजीचा रस्सा यांचा हिशेब अजून बाकीच असतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वेष्टनावर कार्बच्या आधी सोडियमची ओळ वाचावी.

जिचकारांचं नागपूर आणि इन्सुलिन

कार्ब आणि इन्सुलिनची चर्चा मराठी घरांत पोचवणाऱ्या विचाराचं मूळ नागपूर जिल्ह्यातलं आहे. काटोल तालुक्यात जन्मलेले डॉ. श्रीकांत जिचकार हे डॉक्टर, असंख्य पदव्या मिळवलेले विद्वान आणि राजकारणी. २००४ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. वजन आणि मधुमेह याविषयी व्याख्यानांतून ते सांगत, की प्रत्येक खाण्याबरोबर शरीर इन्सुलिन सोडतं, म्हणून दिवसातून दोनदाच खावं. तोच धागा पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उचलला. दोन वेळचं जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आणि रोज ४५ मिनिटं चालणं, ही त्यांची पद्धत महाराष्ट्रभर पसरली. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर आणि आपल्या मातीतलं खा असं सांगत होत्या. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीतसुद्धा रंगला. वैद्यकीय क्षेत्रातही दोन्हींबाबत एकमत नाही.

दीक्षितांची पद्धत म्हणजे काटेकोर लो-कार्ब आहार नव्हे. तिचा भर किती वेळा खाता यावर जास्त आहे. पण प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन सुटतं, हा तिच्यातला मुद्दा चीजच्या प्रश्नावर कामाचा आहे. कार्ब नाहीत म्हणजे इन्सुलिन सुटतच नाही, असं अनेकांना वाटतं. सिडनीतल्या सुझॅन होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ३८ पदार्थांची इन्सुलिनच्या कसोटीवर तुलना केली. प्रत्येक पदार्थ सुमारे २४० कॅलरी भरेल एवढा दिला होता. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर चीज ४५ वर होतं आणि अंडं ३१ वर. दुधातली प्रथिनंही इन्सुलिन सुटायला लावतात. रक्तातली साखर चीजने फारशी चढत नाही, हे बरोबर. पण ‘याने काही होत नाही’ म्हणून दुपारी चारला एक, सहाला एक असे क्यूब तोंडात टाकत राहणं जिचकारांच्या मांडणीतही बसत नाही आणि कॅलरीच्या हिशेबातही. चीज खायचं तर जेवणात खावं, जेवणांच्या मधल्या फटी बुजवायला वापरू नये.

सँडविचचा हिशेब

आता गाडीवरचं सँडविच उघडून पाहू. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १३ ते १५ ग्रॅम कार्ब असतात. तीन थरांच्या ग्रिल सँडविचमध्ये तीन स्लाइस, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम. आत बटाटा असेल तर १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्याचे १७ ते २० ग्रॅम आणखी. गोडसर सॉसची साखर वेगळी. चीजच्या दोन स्लाइसचे कार्ब जेमतेम एक ग्रॅम. त्या पदार्थात चीज हा एकच घटक लो-कार्ब आहे, आणि नाव मात्र सगळ्या सँडविचला त्याचं लागलंय! पिझ्झ्याचंही तसंच. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७४ ग्रॅम कार्ब असतात. वरचं मोझरेला ते कमी करत नाही.

ब्रेडबरोबर चरबी आणि प्रथिनं गेली तर पोट सावकाश रिकामं होतं आणि रक्तातली साखर थोडी हळू चढते, हे खरं. पण ब्रेडमधला स्टार्च कुठे पळून जात नाही. शिवाय दोन स्लाइसच्या १२० कॅलरी वर चढल्या त्या चढल्याच.

लो-कार्ब म्हणजे किती, याचीही ढोबळ रेघ माहीत असावी. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब असतील तर आहाराला सामान्यतः लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आणला तर तो कीटोजेनिक. मिरगीच्या उपचारासाठी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलेला, तो हाच. आपण साधारणपणे कुठे आहोत? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीवरचा २०२५ मधला शोधनिबंध सांगतो, की भारतीयांच्या आहारातल्या ६२ टक्के कॅलरी कार्बमधून येतात. २००० कॅलरी खाणाऱ्याला हे दिवसाचे ३१० ग्रॅम झाले. प्लेटभर पोह्यांसाठी ५० ग्रॅम कोरडे पोहे घेतले तर त्यातच ३८ ग्रॅमच्या आसपास कार्ब. तर्रीने ते कमी होत नाहीत.

या शोधनिबंधातला पुढचा निष्कर्ष आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. रोजच्या कॅलरींपैकी पाच टक्के कार्बकडून काढून वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांकडे वळवल्या, तर मधुमेहाचा आणि त्याच्या उंबरठ्यावर येण्याचा धोका कमी दिसतो. त्याच कॅलरी चरबीकडे वळवल्या तर असा फायदा दिसत नाही. हे निरीक्षणातून काढलेलं गणित आहे, प्रयोगाचा पुरावा नव्हे, तरी दिशा कळते. चीज या दोन्हींच्या मधे उभं आहे. त्यात दुधाचं प्रथिन आहे, पण त्याच्या कॅलरींतल्या दोन तृतीयांशांहून अधिक चरबीच्या आहेत.

म्हणून नुसतं ‘चीज चालतं का’ हे विचारणं पुरत नाही. ते कशाच्या जागी आलं, हे पाहायला हवं. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे १९-२० ग्रॅम कार्ब आणि शंभरेक कॅलरी असतात. ताटातली एक पोळी कमी केली आणि भाजीवर २५ ग्रॅमचा एक क्यूब किसला, तर कार्ब १९ ग्रॅमने घटले आणि क्यूबमधून ७५-८० कॅलरी व पाच ग्रॅम प्रथिनं आली. ही अदलाबदल झाली. पोळ्या तेवढ्याच ठेवून वर चीज किसलं तर ती निव्वळ भर.

चीजसारखं दिसणारं

बाहेर खाताना आणखी एक अडचण येते. सगळं पिवळं, ताणलं जाणारं चीज दुधाचंच असतं असं नाही. दुधाच्या चरबीऐवजी पाम तेलासारखं वनस्पती तेल आणि जोडीला स्टार्च घालून केलेलं ‘चीज अॅनालॉग’ स्वस्त पडतं आणि वितळतंही छान. आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट यांत जो फरक, तोच इथे. विकायला बंदी नाही, पण चीज म्हणून विकायचं नाही. अहमदनगरमधल्या एका फास्टफूड दुकानाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणावरून निलंबित केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी देशभर गाजली.

लो-कार्बवाल्याला अॅनालॉग दोनदा नडतं. स्टार्चमुळे कार्ब वाढतात आणि ज्या प्रथिनासाठी चीज खायचं ते घटतं. पाकीट हातात असेल तर घटकांची यादी वाचावी. दूध किंवा चीज पहिलं असावं. खाद्यतेल, स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं वरच्या ओळींत आली तर ते परत ठेवावं. चीज स्प्रेडमध्येही असे घटक असू शकतात. किसून विकल्या जाणाऱ्या चीजला चिकटू नये म्हणून थोडा स्टार्च किंवा सेल्युलोज लावतात. तो किरकोळ असतो, पण अख्खा ठोकळा घेऊन घरी किसणं उत्तम.

वजन आणि हृदय

लो-कार्ब सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले की चीजवरचा विश्वास वाढतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतं. कार्ब घटले की साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. खरी परीक्षा वर्षभराने होते. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेर लो-फॅट गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने, तर लो-कार्ब गटाचं ६ किलोने उतरलं. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. जमलं ते बहुधा त्यामुळे.

चीजमधली चरबी मुख्यतः संपृक्त असते, त्यामुळे हृदयाची काळजी रास्त आहे. तरी चीजचा स्वभाव लोण्यासारखा नाही. तितकीच चरबी लोण्यातून आणि चीजमधून देऊन केलेल्या प्रयोगांत चीजने एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, लोण्यापेक्षा कमी वाढवलं. चीजमधलं कॅल्शियम आतड्यात काही चरबीला बांधून बाहेर नेतं, हे त्याचं एक संभाव्य कारण. पण यातून ‘लोण्यापेक्षा बरं’ एवढंच सिद्ध होतं. शेंगदाणे, तीळ, जवस यांच्या चरबीपेक्षा ते बरं, असं नाही.

चीजमध्ये तंतू शून्य असतात, हेही ध्यानात ठेवावं. भात-पोळी सोडून चीजवर राहणाऱ्यांची पहिली तक्रार बद्धकोष्ठाची असते. विदर्भाच्या बाजारात यावर इलाज मुबलक आहे. वांग्याचं भरीत, ढेमसं, पालक, मेथी, फुलकोबी या भाज्यांत कार्ब कमी आणि तंतू भरपूर. जवसाच्या चटणीत तंतूही आहेत आणि चांगली चरबीही. फुलकोबी परतून वर थोडं चीज किसलं तर सोडलेल्या भाताची आठवण कमी होते आणि चीजही थोडक्यात भागतं.

कुणी जपून, किती

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या सल्फोनिलयुरिया वर्गातल्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता कार्ब एकदम कमी करू नयेत. औषध तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. एसजीएलटी-२ गटातली औषधं घेणाऱ्यांना कडक लो-कार्बमध्ये कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो, आणि त्यात रक्तातली साखर फार वाढलेली नसल्याने तो लवकर ओळखूही येत नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना प्रोसेस्ड चीजमधले फॉस्फेट आणि सोडियम दोन्ही जड जातात.

बाकीच्यांसाठी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे एक क्यूब किंवा दीड स्लाइस, हे समजूतदार माप आहे. सगळं प्रथिन चीजमधून काढायच्या भानगडीत पडू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. ते नुसत्या प्रोसेस्ड चीजमधून मिळवायला पाव किलो चीज खावं लागेल. त्याबरोबर ६० ग्रॅमहून अधिक चरबी आणि दिवसाच्या मर्यादेबाहेरचं सोडियम पोटात जाईल. पनीर, घट्ट दही, मोड आलेली कडधान्यं, सोयाबीन, चालत असतील तर अंडी, यांच्यात चीजला एक छोटी जागा द्यावी.

गाडीवर गेल्यावर तर हिशेब आणखी सोपा करता येतो. चीज ऑम्लेट, सॅलडवर किसलेलं चीज किंवा पनीर टिक्का मागवला, तर चीज-पनीर कार्बच्या जागी आलं. चीज मॅगी मागवली तर ते कार्बवर चढलं. मॅगीच खायची असेल तर खुशाल खावी, फक्त त्या दिवशी आपण लो-कार्बवर नाही, एवढं मान्य करावं आणि रात्रीच्या ताटातली पोळी कमी करावी.